एकही बंदूक न घेण्याचं वर्ष

माणसाने संकल्प करावा, पण चारचौघांत करू नये. आणि करायचाच झाला तर निदान बायको शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना तरी करू नये. एवढी साधी अक्कल यायला व्हर्न क्लिंगरची साठी उलटावी लागली.

व्हर्नच्या गावातल्या नेमबाजी क्लबात नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी जेवण असतं. डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी. हा कोबी पहिल्या तारखेला पोटात गेला नाही तर वर्ष वाईट जातं, असं पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात सगळे मानतात. गेला तर दुपार वाईट जाते, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. पानं आटोपली की एकेकाने उठून उभं राहायचं आणि येत्या वर्षात आपण कोणती बंदूक घेणार, कोणती विकणार, काय शिकणार, ते जाहीर करायचं. ही तिथली रीत. लॉईड यॉडर, म्हणजे व्हर्नचा शेजारी, दरवर्षी सांगतो की यंदा आजोबांच्या दुनळीचा मोडका दस्ता दुरुस्त करणार. आता तो तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल त्याच्या सुरात सूर मिसळून ते वाक्य पुरं करतो. बंदुकांचं दुकान चालवणारा गस म्हणतो, "तुमचे सगळ्यांचे संकल्प तडीस जावोत, हाच माझा संकल्प." एकाने त्या दिवशी सांगितलं की बायकोच्या वाढदिवसाला एक छानशी रायफल घेणार. त्याची बायको तिथूनच ओरडली, "वाढदिवस माझा आणि रायफल तुझी, हा कुठला न्याय रे?"

मग व्हर्न उठला. व्हर्न पेशाने विमा कंपनीतला कारकून, पण गावात त्याची ओळख वेगळीच. शिकारीचा परवाना हवा असलेल्या पोरांना जो वर्ग करावा लागतो, तो व्हर्न घेतो. गेली कित्येक वर्षं, फुकट, नारिंगी टोपी घालून. बंदूक कशी धरावी, कशी ठेवावी, कुंपण ओलांडताना काय करावं, हे अर्ध्या जिल्ह्याने त्याच्याकडून शिकलंय. त्यामुळे त्याची लेक जॉडी जेव्हा म्हणाली की, "डॅड, तुझ्या घरातली प्रत्येक बंदूक कुलपात जाईल तेव्हाच मी वेसला घेऊन येईन," तेव्हा व्हर्नला ते फार म्हणजे फारच लागलं. वेस हा त्याचा एकुलता एक नातू. दोन वर्षांचा. रांगायला लागल्यापासून त्याने आजोबांच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. आता रागावण्यासारखं त्यात काय होतं, असं तुम्ही विचाराल. व्हर्नच्या घरात एक बंदूक स्वयंपाकघराच्या दारामागे होती, एक कपाटावर, आणि बाकीच्या काचेच्या कपाटात, ज्याची किल्ली त्या कपाटाशेजारच्याच खिळ्याला लटकत असे. पण शिकवणाऱ्यालाच कोणी शिकवू लागलं की राग येतो, तो आलाच.

"यंदा मी तिजोरी घेणार," व्हर्न म्हणाला. "घरातली प्रत्येक बंदूक तिच्यात. ईस्टरला माझा नातू माझ्या टेबलाशी जेवेल."

टाळ्या पडल्या. बायकांनी तर डोळे पुसले. आता इथे बसायचं की नाही? पण टाळ्या ऐकल्यावर जो थांबतो तो माणूस नव्हे. व्हर्न पुढे म्हणाला, "आणि यंदा एकही नवी बंदूक घरात येणार नाही!"

डोरीन, म्हणजे त्याची बायको, तिने हातातला काटा खाली ठेवला. "सगळ्यांनी ऐकलंत हं," ती म्हणाली. आणि बाहेर गाडीत बसल्याबसल्या तिने जॉडीला फोन लावून हे वाक्य जसंच्या तसं पोचवलं.

दुसऱ्या आठवड्यात बंबवाल्यांचा फोन आला.

गावचा आगीचा बंब लोकवर्गणीवर चालतो, आणि त्यासाठी दरवर्षी बंदुकांची सोडत निघते. तिकीट घ्यायचं, आठवड्याला एक आकडा लागतो, ज्याचा लागेल त्याला एक बंदूक. व्हर्नने तिकीट घेतलं होतं पानगळीच्या दिवसांत, तेही बंबाच्या नव्या नळीसाठी. गेली वीसेक वर्षं तो तिकीट घेत होता आणि त्याला कधी साधा टॉर्चही लागला नव्हता. तोच आकडा नेमका आत्ता लागावा! छोटंसं, खिशात मावेल असं पिस्तूल. नकोय म्हणून सांगावं, तर फोनवरचा माणूस म्हणाला, "अरे व्हर्न, नशीबवान आहेस लेका!" आणि कोणी नशीबवान म्हटलं की नाही म्हणायला जीभ वळत नाही.

"हे बघ," व्हर्नने कुंपणापाशी लॉईडला हळू आवाजात सांगितलं, "मी काय म्हणालो होतो? घेणार नाही. मी घेतलेली नाही. मला लागलीय."

"तू म्हणालास, घरात येणार नाही," लॉईड म्हणाला. "मी समोरच होतो."

"मग काय करू?"

"डोरीनला सांगून टाक."

"दुसरं काहीतरी सुचव."

"मग घरात आणूच नकोस. गाडीत ठेव."

लॉईडचे सल्ले असेच असतात, ऐकताना सोपे. गाडीच्या डिकीत पिस्तूल ठेवून हिंडणारा माणूस पोरांना सुरक्षितता शिकवणार? छे. म्हणून पिस्तूल घरात आलं. शिकारीच्या जुन्या बुटात, लोकरीच्या मोज्यात. बूट तळघराच्या कोपऱ्यात. आणि नेमका तोच कोपरा डोरीनने तिजोरीसाठी पक्का केला.

आता एक नवं पर्व सुरू झालं. डोरीन आवरायला काढायची आणि व्हर्न तिच्या एक पाऊल पुढे पिस्तूल घेऊन पळायचा. बुटातून रंगाच्या रिकाम्या डब्यात, डब्यातून जुन्या पडद्यांच्या गाठोड्यात. डोरीन कोपऱ्यातलं सामान चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देणार होती, आणि तिचा उत्साह दांडगा. बरं, नवं पिस्तूल एकदा चालवूनही पाहू नये, हे कुठल्या मनुष्याला जमेल? फेब्रुवारीच्या शेवटी, डोरीन बाजारात गेलीय असं पाहून व्हर्न ते क्लबात घेऊन गेला, दोन-चार फैरी झाडल्या, खूश झाला, आणि मागच्या दाराने तळघरात उतरतो तर जिन्यावर डोरीनची पावलं. कोटाच्या खिशात पिस्तूल. समोर फळीवर ब्रेड बनवायच्या यंत्राचं खोकं.

हे यंत्र प्रत्येक घरात एक असतं. कोणीतरी भेट देतं, एकदा ब्रेड होतो, तो विटेसारखा होतो, आणि यंत्र खोक्यात परत जातं ते कायमचं. यंत्राच्या खालच्या थर्माकोलमध्ये एक पोकळी होती. व्हर्नने पिस्तूल तिच्यात कोंबलं, झाकण लावलं आणि शीळ घालू लागला.

"शीळ कसली घालतोयस?" डोरीन म्हणाली.

"सहज गं."

"सहज शीळ घालणाऱ्यातला तू नव्हेस," असं म्हणून ती पडदे घेऊन वर गेली.

व्हर्नने सुटकेचा निःश्वास टाकला. तिजोरी आली की सगळ्यांच्या मागे हे पिस्तूल सरकवून द्यायचं, मग डोरीनच काय, यमालाही पत्ता लागणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

पण तिजोरी येईल तर शपथ. आज येते, उद्या येते करत ती आली ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, आणि आणणाऱ्यांनी ती अंगणाच्या फाटकाशी उतरवली. "आत नेऊन द्या की," व्हर्न म्हणाला. त्यातला जाडा म्हणाला, "साहेब, पावतीवर फाटकापर्यंतच लिहिलंय," आणि ट्रक निघूनही गेला. ती लोखंडी शिळा तिथे उभी, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण गाडी थांबवून सल्ला देतोय. एक म्हणाला लाकडाचे ओंडके घाल. एक म्हणाला साबणाचं पाणी ओत. लॉईड मात्र बादलीभर गोल्फचे चेंडू घेऊन आला. जमिनीवर फळ्या, फळ्यांवर चेंडू, चेंडूंवर तिजोरी. मग बोटाने ढकललं तरी चालते म्हणे. चालली. बोट लावायच्या आधीच चालली. उतारावरून घरंगळत ती डोरीनच्या ट्यूलिपच्या वाफ्यात जाऊन स्थिरावली, आणि लॉईड म्हणाला, "बघ, फिरते की नाही?" तिला तिथून काढून मागच्या दाराने तळघरात बसवेपर्यंत व्हर्नच्या कंबरेचा आणि शेजारधर्माचा पार चुराडा झाला.

पण बसली. आकड्याचं कुलूप लागलं. डोरीन हाताची घडी घालून उभी राहिली आणि तिच्या देखत व्हर्नने एकेक बंदूक आत ठेवली. दारामागची, कपाटावरची, काचेतल्या सगळ्या. डोरीनचा चेहरा असा फुलला की व्हर्नला स्वतःचीच लाज वाटली. तिने तिथल्या तिथे जॉडीला फोन केला. "झालं गं! सगळ्या आत. एकूण एक." पलीकडून जॉडी काय म्हणाली ते व्हर्नला ऐकू आलं नाही, पण डोरीन फोन छातीशी धरून म्हणाली, "येतायत. वेससाठी उंच खुर्ची काढून ठेव म्हणाली."

डोरीन वर गेली. व्हर्न फळीकडे वळला.

फळी रिकामी होती.

त्याने खालची फळी पाहिली, वरची पाहिली, भट्टीच्या मागे पाहिलं, गुडघ्यांवर बसून जिन्याखाली पाहिलं. खोकं नाही. मग तो वर आला आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाला, "डोरीन, ते आपलं ब्रेडचं यंत्र कुठे गं?"

"तुला कशाला?"

"म्हटलं, ईस्टरला ब्रेड करावा."

डोरीनने त्याच्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने टोस्टसुद्धा स्वतः केलेला तिने पाहिला नव्हता. "तुला बरं वाटत नाहीये का? चर्चला दिलं की सगळं. मागच्याच आठवड्यात."

चर्चला! म्हणजे पिस्तूल गावभर. व्हर्न कोट न घालताच निघाला. वाटेत त्याला एकेक चित्र दिसायला लागलं: कुणी म्हातारी खोकं उघडतेय, कुणाचं पोर थर्माकोल ओढतंय. 'रिकामं आहे,' तो स्वतःलाच समजावत होता. 'रिकामं करूनच ठेवलंय.' क्लबातून निघण्याआधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं, नळीत डोकावायचं, ही त्याची जन्माची सवय. केलंच असणार.

चर्चमधली विक्री बर्निस नावाच्या बाई सांभाळतात. त्यांच्या तावडीत सापडलेला माणूस काही विकत घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"ब्रेडचं यंत्र? होतं ना," बर्निसबाई म्हणाल्या. "चांगलं होतं. हे बघ, त्यापेक्षा हा फोंड्यूचा सेट बघ, चीज वितळवायच्या भांड्यासकट."

"बर्निस, ते कोणी घेतलं?"

"आता सगळं कुठे लक्षात राहतं मला? गर्दी किती होती! हा सेट मात्र तुझीच वाट बघत थांबलाय बघ."

व्हर्न फोंड्यूचा सेट काखेत मारून बाहेर आला आणि पायरीवर बसला. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. आयुष्यभर तो पोरांना सांगत आला होता, की बंदूक हरवली तर पहिल्यांदा पोलिसांकडे जायचं. तो गेला.

चौकीत काउंटरपलीकडे एक तरुण पोलीस होता.

"बंदूक हरवलीय," व्हर्न म्हणाला.

"हरवलीय की चोरीला गेलीय?"

"तसं नाही. सापडत नाहीये."

"शेवटची कुठे होती?"

"घरात. एका खोक्यात. पण खोकं घरात नाहीये."

"खोकं कोणी नेलं?"

"बायकोने दिलं कुणालातरी."

"मग बायकोला विचारा की."

"तेच तर करता येत नाहीये!"

पोलिसाने पेन खाली ठेवून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम खुर्चीतून उठला. "क्लिंगर सर! ओळखलं नाहीत? मी तुमच्याच वर्गातला! ते कुंपण ओलांडायचं तुम्ही किती वेळा करून घेतलं होतंत माझ्याकडून!" त्याने आतल्या माणसांना हाक मारली. "अरे, हे क्लिंगर सर. यांच्याकडून शिकलो मी सगळं."

आतून तीन डोकी बाहेर आली. व्हर्नच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी असंच विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "वर्गात पोरं विचारतात ना, हरवली तर काय करायचं म्हणून. म्हटलं आपण खात्री करून घ्यावी."

"बघा, याला म्हणतात शिक्षक," पोलीस म्हणाला, आणि व्हर्नला दारापर्यंत पोचवायला आला. फोंड्यूचा सेट काउंटरवरच राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे वर्ग. वर्ग रद्द करावा तर लोक विचारणार. नारिंगी टोपी घालून व्हर्न उभा राहिला आणि फळ्यापुढे काय बोलतोय हे त्याचं त्यालाच कळेना. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, तुमच्या घरी सगळ्या बंदुका कुठे आहेत, ते तुम्हाला नेहमी माहीत असतं?" इतका साधा प्रश्न. व्हर्नला ठसका लागला, तो इतका, की मुलीच्या आईने पाणी आणून दिलं आणि वर्गात मदतीला आलेल्या लॉईडने पाठीत गुद्दे घातले. लॉईडला एव्हाना सगळं माहीत होतं, आणि गुद्दे घालता घालता तो कानात म्हणत होता, "सांग डोरीनला. गाढवा, सांग तिला."

"सांगतो," व्हर्न म्हणाला. "ईस्टर होऊ दे."

"ईस्टर उद्या आहे."

"म्हणूनच म्हणतो, होऊ दे."

माणूस कसा असतो बघा. पिस्तूल गावात कुठेतरी फिरतंय, जीव टांगणीला लागलाय, रात्रीची झोप उडालीय; पण डोरीनचा तो फुललेला चेहरा आठवला की व्हर्नची जीभ टाळूला चिकटायची. एकदा का तिला सांगितलं की ती जॉडीला सांगणार. जॉडी यायची नाही. उंच खुर्ची परत माळ्यावर जाणार. व्हर्नने ती खुर्ची दोनदा पुसली होती. तिचा एक पाय डुगडुगत होता, तो त्याने पाचर मारून पक्का केला होता.

दुपारी तो घरी आला तेव्हा डोरीन अंडी रंगवत बसली होती.

"आज बर्निस भेटली," ती म्हणाली. "तू तिच्याकडे ब्रेडच्या यंत्राची चौकशी करत होतास म्हणे. काय चाललंय काय तुझं? आणि मीही कशी वेंधळी, चर्चला दिलं म्हणून तुला सांगितलं. दिलं होतं, पण त्याच दिवशी परत उचलून आणलं. जॉडी म्हणाली, आपल्या जावयाला, टॉडला, ब्रेड करायचं वेड लागलंय. मागच्या आठवड्यात गुरुवारी वाटेत जेवायला भेटलो ना आम्ही, तेव्हा तिच्या गाडीत ठेवून दिलं."

व्हर्नने टेबलाची कड धरली.

"जॉडीकडे?"

"हो. खोक्यासकट. अरे, काय झालं तुला? बस खाली. व्हर्न!"

जॉडीकडे. ज्या घरातल्या पोराला बंदुकीपासून लांब ठेवायचं म्हणून हा सगळा खटाटोप केला, ट्यूलिपचा वाफा चेंगरला, कंबर मोडून घेतली, त्याच घरात. आणि कोणी नेलं? आजीने, स्वतःच्या हाताने. आता व्हर्नला ना क्लब आठवला, ना टाळ्या, ना डोरीन समोर बसलीय हे आठवलं. त्याने भिंतीवरचा फोन उचलला. घाईघाईत फिरवलेला पहिला नंबर भलत्याच कुणाला लागला.

"डॅड?" जॉडीचा आवाज खुशीत होता. "अरे, टॉडचा पहिला ब्रेड झालाय बघ. घरभर वास सुटलाय. उद्या घेऊन येतोय आम्ही."

"जॉडी, यंत्राचं खोकं कुठाय?"

"खोकं? वेसकडे. तुला माहितीये ना, खेळणी राहिली बाजूला आणि खोकी..."

"वेस कुठाय?"

"खोक्यातच बसलाय. थर्माकोलचा चुरा करतोय नुसता. सगळा बर्फ झालाय इथे."

"त्याला उचल."

"काय?"

"जॉडी, त्याला उचल. आत्ता. आधी उचल, मग विचार!"

असा आवाज व्हर्नने आयुष्यात कधी लावला नव्हता. डोरीनच्या हातातलं अंडं निसटून फरशीवर फुटलं. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग वेसने टाहो फोडला, खेळ मोडला म्हणून. तो टाहो व्हर्नला इतका गोड वाटला की त्याचे डोळे भरून आले.

"उचललाय," जॉडी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता. तिने एकच शब्द विचारला. "कोणती?"

"छोटं पिस्तूल. खालच्या थर्माकोलमध्ये, पोकळीत."

"टॉड, याला घे आणि बाहेर अंगणात जा," जॉडी म्हणाली. "नाही, नंतर सांगते. जा." दार वाजलं. मग थर्माकोल मोडल्याचा करकर आवाज. "अजून एक थर राहिला होता," ती म्हणाली. "एवढाच." आणि थोड्या वेळाने, "डॅड, रिकामं आहे ना?"

"शंभर टक्के. मी स्वतः केलंय."

फोनमधून एक खटका ऐकू आला. तो व्हर्नच्या ओळखीचा होता; मॅगझिन निघाल्याचा. मग टेबलावर एकेक काहीतरी ठेवल्याचे बारीक आवाज. डोरीन त्याच्या समोर येऊन उभी राहिली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"डॅड," जॉडी म्हणाली, "इकडे ये." आणि तिने फोन ठेवला.

जॉडीचं घर दोन तासांवर. डोरीन शेजारी बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. व्हर्नने वाटेत सगळं सांगितलं. सोडत, बूट, पडदे, शीळ. शेवटी ती म्हणाली, "माझ्या हाताने दिलं रे मी ते. माझ्या हाताने." आणि रडायला लागली. व्हर्नने तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने झटकला.

स्वयंपाकघरात टेबलावर ताजा ब्रेड होता आणि त्याच्या शेजारी पिस्तूल, उघडं करून ठेवलेलं. त्याच्या बाजूला मॅगझिनमधून काढलेल्या गोळ्या, ओळीने उभ्या. नळीत गोळी नव्हती, एवढीच देवाची कृपा. व्हर्न त्या ओळीकडे पाहत राहिला. रिकामं केल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. आठवत होतं, कारण आयुष्यभर तो तसंच करत आला होता. तेवढ्या एका दिवशी, बायकोच्या पावलांचा कानोसा घेण्याच्या नादात, केलं नव्हतं.

"मी अकरा वर्षांची होते," जॉडी म्हणाली, "आणि गोळी न काढता कुंपण चढले होते. आठवतं?"

"आठवतं."

"काय केलं होतंस?"

"तुझी बंदूक काढून घेतली होती. अख्खा हंगाम घरी बसवलं होतं तुला."

"मी किती रडले होते."

"हो."

"मग आता तूच सांग."

व्हर्नने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला, वर्गातली पोरं उभी राहतात तसा. त्याला वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी कारण सुचेल. सुचलं नाही. "तिजोरीचा आकडा तू बदल," तो म्हणाला. "मला सांगू नकोस. तुझ्या आईलाही नको. हे पिस्तूलही तिच्यातच टाक. आणि वर्ग मी सोडतो, दुसरं कोणीतरी घेईल."

"वर्ग नाही सोडायचा," जॉडी म्हणाली. "वर्गात हे सांगायचं. दरवेळी. पहिल्या दिवशी."

यापेक्षा तिने कानाखाली वाजवली असती तर व्हर्नला चाललं असतं. पण तो "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जॉडी आली. टॉड आणि वेस गाडीतच थांबले. ती एकटी तळघरात गेली आणि बऱ्याच वेळाने वर आली. "झालं," ती म्हणाली. व्हर्न पुढे झाला, तर तिने हात आडवा धरला. "आधी खिसे."

"जॉडी, अगं, शेजारी..."

"खिसे, डॅड."

भर ईस्टरच्या सकाळी, चर्चहून परतणाऱ्या गावासमोर, स्वतःच्या दारात व्हर्न क्लिंगरने खिसे उलटे करून दाखवले. रुमाल, चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या. कोटाचे दाखवले, पँटचे दाखवले. लॉईड कुंपणावर रेलून बघत होता. "मागचा राहिला," त्याने आठवण करून दिली. वेस गाडीच्या खिडकीतून हा सोहळा डोळे विस्फारून पाहत होता. त्याला तो खेळ वाटला. खाली उतरवल्याबरोबर तो दुडुदुडु धावत आला, आणि गळ्यात पडायच्या ऐवजी त्याने आजोबांचा जो खिसा हाताला लागला त्याच्यावर दोन चापट्या मारल्या, दुसऱ्यावर मारल्या, आणि मग हात वर केले. व्हर्नने त्याला उचलला. त्या दिवशी उंच खुर्ची डुगडुगली नाही, आणि डोरीन त्याच्याशी संध्याकाळपर्यंत तीन शब्द बोलली. तेही बटाटे वाढताना.

पुढचे कित्येक महिने वेसला आणायचं झालं की आधी खिसे, हे असंच चाललं. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम तोंडावर आला तेव्हा व्हर्नने लेकीला फोन केला. आधी हवापाण्याचं बोलला, मग टॉडच्या ब्रेडचं बोलला, मग म्हणाला, "येत्या शनिवारी हंगाम सुरू होतोय."

"माहितीये."

"लॉईड विचारत होता, मी येणार का म्हणून."

"मी येते शनिवारी," जॉडी म्हणाली, आणि व्हर्नला वाटलं, सुटलो. शिकारीचं जॅकेट काढून त्याने उन्हात टाकलं, बुटांना तेल लावलं.

शनिवारी उजाडायच्या आत जॉडी आली. वेसला तिने झोपेतच सोफ्यावर टाकलं, तळघरात गेली आणि वर आली ती व्हर्नची सगळ्यात लाडकी रायफल घेऊन. टेबलावर ठेवून तिने ती तपासली. गोळी नाही, पुन्हा पाहिलं, नाही. मग तिने खुंटीवरचं व्हर्नचं ऊन दाखवलेलं जॅकेट उतरवून स्वतःच्या अंगात घातलं.

"अगं," व्हर्न म्हणाला, "मला वाटलं..."

"अख्खा हंगाम, डॅड," ती म्हणाली. "वेस उठला की त्याला लापशी लागते. दालचिनी घालून." बाहेर लॉईडने हॉर्न दिला आणि ती गेली.

दिवस वर आला तसे डोंगरावरून एकेक आवाज यायला लागले. जन्मात पहिल्यांदाच व्हर्न त्या दिवशी घरात होता. तो खिडकीशी उभा राहून आवाज मोजत होता, तेवढ्यात मागून पाय ओढत वेस आला. डोळे अजून चिकटलेले, केस उभे. त्याने आजोबांच्या पायजम्याच्या दोन्ही खिशांवर चापट्या मारून पाहिल्या, समाधान झाल्यावर मान डोलावली, आणि मग लापशीसाठी हात वर केले.